चौकटीला आडवे गेलेले मांजर

ल्यूमिएर बंधूंच्या ल्यों येथील कारखान्यातून कामगार बाहेर पडत आहेत, हा १८९५ सालचा चित्रपट सिनेमाच्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात पहिल्या काही पानांतच भेटतो. दार उघडते, बायका-पुरुष बाहेर येऊन डावीउजवीकडे पांगतात, मिनिटभरात सारे आटोपते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला त्यातही कारखाना सुटण्याचे हे दृश्य होते. पण हा चित्रपट एक नाही, तीन आहेत. ल्यूमिएर मंडळींनी हाच प्रसंग निरनिराळ्या वेळी तीनदा टिपला आणि तिन्ही फिल्म आज पाहायला मिळतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या कशा? अभ्यासकांनी त्यांना दिलेली नावे अशी: ‘एक घोडा’, ‘दोन घोडे’ आणि ‘बिनघोड्याची’. एकीत दारातून एका घोड्याची गाडी निघते, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत गाडीच नाही. कपड्यांवरून आणि जमिनीवर पडलेल्या सावल्यांवरून ऋतूचा व वेळेचा अंदाज बांधता येतो, पण ओळख पटवण्याच्या कामी पहिल्यांदा आली ती जनावरे. गाडीला जुंपलेला घोडा पुढे इतिहासकारांच्या उपयोगी पडेल, असे तेव्हा कोणाच्याही मनात आले नसणार.

मूकपट पाहताना मुख्य प्रसंग सोडून मागच्या भिंतीवर, दाराआड किंवा रस्त्याच्या कडेला कुठे मांजर दिसते का, हे हुडकत बसणारे शौकीन जगात आहेत. हे ऐकून हसू येते आणि ते स्वाभाविक आहे. मुर्नाव किंवा स्ट्रोहाइम यांच्यासारख्या दिग्दर्शकांचे काम समोर चालू असताना कोपऱ्यातले मांजर बघणे म्हणजे पंगतीला बसून पत्रावळीचे टाके तपासण्यासारखे वाटते. माझे म्हणणे असे की हा छंद मूकपटाच्या स्वभावाला धरून आहे, आणि त्यातून जे कळते ते नुसते कथानक पाहून कळत नाही. कोणत्याही जुन्या चित्रपटात दोन प्रकारचा ऐवज असतो. एक कोणीतरी ठरवून आणलेला, दुसरा आपोआप आत शिरलेला. बोलपट स्थिरावला तसा हा दुसरा प्रकार स्टुडिओतून हद्दपार झाला. मूकपटात, विशेषतः पहिल्या वीस वर्षांत, तो मुबलक सापडतो. न बोलावता आलेले मांजर ही त्याची सर्वांत भरवशाची खूण आहे.

मांजरच का, हा प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरच्या जुन्या फिल्म पाहिल्या तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते: माणसे कॅमेऱ्याकडे बघतात. कोणी टोपी सावरतो, कोणी मुद्दाम सावकाश चालतो, पोरे तर चौकटीतून बाहेर जाऊन पुन्हा पुढून आत येतात. म्हणजे पार्श्वभूमीतली माणसेही नकळत पात्रे झालेली असतात. घोडा लगामात असतो, तो मालकाच्या इच्छेने चालतो. ल्यूमिएरच्या दारातून एक कुत्राही बाहेर बागडतो, पण कुत्र्याचे लक्ष माणसांकडे असते. माणसांची वागणूक बदलली की त्याचीही बदलते. चिमणी-कबुतरे त्या काळच्या फिल्मवर ठिपक्यापलीकडे दिसत नाहीत. राहते मांजर. ते डोळ्यांना दिसेल एवढे मोठे असते, वस्ती माणसांतच करते, आणि दांडा फिरवणाऱ्या कॅमेरावाल्याचे त्याला काडीचे अप्रूप नसते. चौकट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्याला ठाऊक नाही. दृश्यातल्या साऱ्या जीवांत चित्रीकरणाचा परिणाम न झालेला एवढाच एक साक्षीदार उरतो.

अर्थात पडद्यावरचे प्रत्येक मांजर असे उपरे नसते. उलट चलच्चित्राच्या जन्मापासून मांजरांना मुद्दाम कॅमेऱ्यासमोर आणलेले आहे. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये उंचावरून उलटे सोडलेले मांजर हवेतल्या हवेत वळून चार पायांवर कसे उतरते याची चित्रमालिका घेतली आणि ती तिथल्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. त्याच वर्षी न्यू जर्सीत एडिसनच्या स्टुडिओत वेल्टन नावाच्या खेळवाल्याची दोन मांजरे, पंजांत मुष्टियुद्धाचे मोजे चढवून, चिमुकल्या रिंगणात एकमेकांना चापट्या मारताना चित्रित झाली. मागे त्यांचा मालक दिसतच राहतो, म्हणजे खेळ कोणाचा आहे याबद्दल शंकाच नको. १९०० च्या सुमाराच्या एका ल्यूमिएर फिल्ममध्ये छोटी मुलगी टेबलावरच्या मांजराला खाऊ घालते; मांजर मध्येच सटकते आणि पुन्हा टेबलावर हजर होते. ते आपण होऊन परत आले असेल असे वाटत नाही.

इंग्लंडात ब्रायटनशेजारच्या होव्ह गावी काम करणाऱ्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथने तर मांजराच्या मदतीने सिनेमाची भाषाच पुढे नेली. १९०० च्या ‘ग्रँडमाज रीडिंग ग्लास’ या त्याच्या चित्रपटात मुलगा आजीच्या भिंगातून घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, आजीचा डोळा आणि मांजराचे तोंड पाहतो, आणि ती प्रत्येक गोष्ट आपल्यालाही मोठी होऊन दिसते. १९०३ च्या ‘द सिक किटन’मध्ये मुले डॉक्टर-डॉक्टर खेळत मांजराला औषध देतात. आधी सगळी खोली दिसते, मग एकाएकी जवळून फक्त मांजर आणि चमचा. नाटकात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला जे कधीच दिसले नसते ते इथे पडदाभर होते. आजारी म्हणवलेले हे मांजर चमच्यावर ज्या हावरेपणाने तुटून पडते ते पाहता त्याच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण क्लोज-अपच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे. पुढे मोठ्या चित्रपटांत मांजराला अर्थही चिकटवले गेले. मुर्नावच्या १९२२ च्या ‘नोस्फेराटू’त सुरुवातीलाच खिडकीत मांजराशी खेळणारी एलेन दिसते, ही घरगुती निरागसता पुढे उद्ध्वस्त होणार आहे. स्ट्रोहाइमच्या १९२४ च्या ‘ग्रीड’मध्ये मार्कस नायक-नायिकेचा निरोप घ्यायला येतो तेव्हा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर टपलेले मांजर मधूनमधून दाखवले जाते. पुढच्या घाताचा हा संकेत इतका उघड आहे की आज तो जरा भडकच वाटतो.

ही सारी नेमलेली मांजरे. त्यांना ओळखणे अवघड नाही: कॅमेरा त्यांच्यासाठी जवळ जातो, प्रकाश त्यांच्यावर पडतो, पात्रे त्यांची दखल घेतात, आणि नकोसे काही केले तर कात्री चालते. पार्श्वभूमीतल्या मांजराची कथेत कोणालाच गरज नसते. ते येते, बसते, अंग चाटते, निघून जाते. या दोहोंच्या सीमेवर एक गमतीदार पात्र उभे आहे. कॅलिफोर्नियात मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओत चित्रीकरण चालू असताना जमिनीच्या फळीतून एक करडे मांजर वर आले, सेनेटने त्याला हाकलण्याऐवजी ठेवून घेतले आणि ‘पेपर’ या नावाने पडद्यावर आणले, अशी कथा सांगतात. ती स्टुडिओच्या प्रसिद्धीवाल्यांनी रंगवलेली असणे शक्य आहे. बेन टर्पिन व लुईस फझेंडा हे नट आणि टेडी नावाचा प्रचंड ग्रेट डेन कुत्रा यांच्याबरोबर पेपरने कामे केली, हे मात्र खरे. माझ्या मुद्द्यापुरते इतकेच महत्त्वाचे की ज्या दिवशी तिचे दूध स्टुडिओच्या खर्चात धरले गेले, त्या दिवशी तिची साक्ष संपली.

बिनबोलावलेली मांजरे चित्रपटात टिकली कशी, याचे उत्तर तेव्हाच्या कामाच्या पद्धतीत आहे. सुरुवातीच्या फिल्मला सूर्यप्रकाश हवा असे, म्हणून सेट उघड्यावर किंवा काचेच्या छपराखाली उभे राहत. घराच्या आतले म्हणून दाखवलेल्या दृश्यात टेबलावरचे कापड वाऱ्याने फडफडताना दिसते ते यामुळे. ज्या दिवाणखान्याला छप्पर नाही आणि चौथी भिंत नाही, तिथे वारा येतो, उन्हाचा कवडसा सरकतो आणि मांजरही येते. कॅमेरा एका जागी रोवलेला असे. तो जवळचे आणि लांबचे बहुतेक सारखेच स्पष्ट टिपत असे, त्यामुळे मागच्या कुंपणावरचा प्राणीही ओळखू येतो. ल्यूमिएरच्या यंत्रात सुमारे १७ मीटर फिल्म बसे. सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे या वेगाने ती पन्नासेक सेकंदांत संपे. एवढ्यात एखादे मांजर दृश्यात आले म्हणून कोणी थांबत नसे, कारण थांबणे म्हणजे फिल्म फुकट घालवणे. मांजर आडवे गेले की मोहीम रद्द करायची रीत आपल्याकडे होती. तेव्हाच्या कॅमेरावाल्याला ती परवडणारी नव्हती.

पुढे हे दार हळूहळू बंद होत गेले. विजेचे दिवे आले तसे सेट चार भिंतींच्या आत गेले. एकाच प्रसंगाचे अनेक तुकडे निरनिराळ्या कोनांतून घेऊन जोडायची पद्धत रुळली, आणि मग एका तुकड्यात असलेले व पुढच्यात नसलेले मांजर ही चूक ठरू लागली. ही चूक पकडणे हे एकाचे स्वतंत्र काम झाले. १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ झळकला आणि त्यानंतर स्टुडिओंना आवाजासाठी जाड भिंतींची, घट्ट बंद दारांची आणि शांततेची गरज पडली. एक म्याँव आता सगळे दृश्य वाया घालवू शकत होती. गंमत अशी की मूकपटाच्या काळातले सर्वांत प्रसिद्ध मांजर, १९१९ मध्ये पॅट सलिव्हनच्या स्टुडिओत ऑटो मेसमरच्या हातून अवतरलेले फेलिक्स, हे चितारलेले होते. हाताने काढलेल्या चित्रपटात जे कोणी काढले नाही ते असूच शकत नाही. तिथे अपघातालाच जागा नाही. बारकाईने पाहिले तर मोकळ्या रस्त्यावरून बंद दालनाकडे झालेला सिनेमाचा सगळा प्रवास भटक्या मांजरांच्या ओसरत्या वावरात वाचता येतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की दिग्दर्शकाने जे दाखवायचे ठरवले ते सोडून भलतीकडे पाहणे हा कलाकृतीचा अनादर आहे. हा आक्षेप १९२० नंतरच्या मोठ्या कथापटांच्या बाबतीत मी अर्धा मान्य करतो. ‘ग्रीड’ पहिल्यांदा पाहताना कोपरे धुंडाळू नयेत. पण त्याआधीच्या फिल्मना हा नियम लावणे म्हणजे नंतरची शिस्त आधीच्यांवर लादणे होय. बाळाला भरवणाऱ्या जोडप्याची ल्यूमिएरची फिल्म पाहताना पहिल्या प्रेक्षकांना बाळापेक्षा मागच्या झाडाची हलणारी पाने विलक्षण वाटली, ही नोंद प्रसिद्ध आहे. रंगभूमीवर हलणारी माणसे त्यांनी पाहिलीच होती. रंगवलेल्या पडद्यावरची पाने हललेली मात्र कधी पाहिली नव्हती. जर्मन विचारवंत झिगफ्रीड क्राकाउअरने १९६० च्या आपल्या ग्रंथात लहानपणी पाहिलेल्या पहिल्या चित्रपटाची आठवण नोंदवली आहे, आणि त्याच्या मनात राहिले होते ते रस्त्यावरचे एक डबके व त्यात पडलेले घरांचे प्रतिबिंब.

याहून ठोस पुरावा उत्तर इंग्लंडातून येतो. ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन या जोडगोळीने विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांच्या दारांवर, मिरवणुकांत आणि सामन्यांत चित्रीकरण केले. १९९४ मध्ये एका दुकानाच्या तळघरात त्यांच्या सुमारे आठशे निगेटिव्ह पिंपांत भरलेल्या सापडल्या. या फिल्मचा धंदा उघड होता: सकाळी गिरणीच्या दाराशी जेवढे चेहरे टिपावेत तेवढी तिकिटे संध्याकाळी विकली जावीत. प्रेक्षक पडद्यावर स्वतःला, शेजाऱ्याला, आपल्या पोराला शोधत. म्हणजे गर्दीतून डोळा फिरवत हवी ती वस्तू हेरणे हीच या चित्रपटांची मूळ पाहण्याची रीत होती, आणि मध्यभागी डोळे खिळवून बसणारा प्रेक्षक नंतर घडवला गेला. मांजर शोधणारा तीच जुनी रीत पुढे चालवतो.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. मांजर सापडले, बरे, मग पुढे काय? कोपऱ्यात पाहून काय हाती लागते याची दोन उदाहरणे देतो, दोन्ही मांजरांची नव्हेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून जाणाऱ्या केबल कारच्या पुढच्या बाजूला कॅमेरा बसवून माइल्स बंधूंनी घेतलेली फिल्म बरीच वर्षे १९०५ ची समजली जाई. चित्रपट-इतिहासकार डेव्हिड कीन यांनी रस्त्यावरची पाण्याची डबकी, हवामानाच्या नोंदी, मोटारींच्या नंबरपाट्या आणि जुनी वर्तमानपत्रे एकत्र ताडून पाहिली. निष्कर्ष निघाला तो असा की फिल्म एप्रिल १९०६ ची आहे, १८ एप्रिलच्या भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त होण्याच्या अवघ्या काही दिवस आधीची. एका साध्या रस्त्याच्या फिल्मला या एका दुरुस्तीने वेगळेच वजन आले. दुसरे उदाहरण बोलपटाचे, पण टाळवत नाही. हंगेरीच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयातले संशोधक गेर्गेय बार्की २००९ च्या नाताळात आपल्या मुलीबरोबर ‘स्टुअर्ट लिटल’ हा १९९९ चा बालचित्रपट पाहत होते. त्यांना दिवाणखान्याच्या भिंतीवर रॉबर्ट बेरेनी या हंगेरियन चित्रकाराचे १९२८ नंतर बेपत्ता झालेले चित्र दिसले. सेट सजवणाऱ्या बाईंनी ते जुन्या वस्तूंच्या दुकानातून स्वस्तात घेतले होते. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या लिलावात त्याला दोन लाख युरोंच्या वर किंमत आली. त्या चित्रपटात उंदीर नायक आहे आणि मांजरही आहे, पण मोलाची गोष्ट भिंतीवर होती.

कोणी म्हणेल, मोटारीला नंबरपाटी असते, चित्राला चित्रकार असतो, मांजराला काय असते? खरे आहे. मांजरावरून सहसा तारीख निघत नाही. त्यावरून जे निघते ते फिल्मच्या प्रतीबद्दलचे असते. मूकपटांच्या काळात दोन कॅमेरे शेजारीशेजारी लावून किंवा तोच प्रसंग पुन्हा घेऊन एकाहून अधिक निगेटिव्ह तयार करण्याची पद्धत होती: एक देशासाठी, दुसरी परदेशासाठी. फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’च्या तीन निगेटिव्ह होत्या. नटांचे हावभाव दोन्ही वेळा जवळजवळ सारखे असतात, कारण ते तालीम केलेले असतात. तालीम न केलेली गोष्ट दुसऱ्यांदा तशीच घडत नाही. एका प्रतीत मांजर पायरीवर आणि दुसरीत पायरी रिकामी, तर त्या दोन प्रती एकाच चित्रणातून आलेल्या नाहीत, आणि हे कळायला यंत्र लागत नाही. ल्यूमिएरच्या घोड्यांनी केले तेच काम.

तिसरा आक्षेप मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो शोधणाऱ्याला शिस्त लावतो. शोधणाऱ्याला हवे ते दिसते. २०१० मध्ये चॅप्लिनच्या ‘द सर्कस’ या १९२८ च्या चित्रपटाच्या उद्घाटनाच्या चित्रणात कानाशी हात धरून बोलत चाललेली एक बाई कोणाला तरी दिसली, आणि ती मोबाइल वापरणारी काळप्रवासी असल्याची बातमी जगभर झाली. बहिऱ्यांसाठीची कर्णयंत्रे तेव्हा होतीच, हे साधे स्पष्टीकरण त्या गोंगाटात मागे पडले. मांजरांच्या बाबतीत फसगत आणखी सोपी आहे. झिजलेल्या फिल्मवरचा डाग, बुरशी, वाऱ्याने हललेले पोते यांना कान आणि शेपटी चिकटवणे मनाला सहज जमते. म्हणून कसोट्या हव्यात. डाग बहुधा एकाच चित्रात असतो, म्हणजे सेकंदाच्या सोळाव्या भागात नाहीसा होतो. प्राणी सलग अनेक चित्रांत राहतो. खांबामागे गेलेला प्राणी दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, डाग खांबावरूनच सरकतो. प्राण्याची सावली इतरांच्या सावल्यांच्या दिशेनेच पडते. वेगाचेही भान ठेवावे लागते: सोळाच्या वेगाने घेतलेली फिल्म चोविसाच्या वेगाने दाखवली की सगळे दीडपट चपळ होते, आणि रमतगमत चाललेले मांजर घाबरून पळाल्यासारखे दिसते. पळाले ते कशाला, याची गोष्ट रचण्याआधी यंत्राचा वेग विचारावा.

रंगाबद्दल तर अधिकच जपून बोलावे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यापर्यंत चित्रपटांत सर्रास वापरली जाणारी फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. निळे आकाश तिच्यावर पांढरे उमटे आणि तांबडे ओठ काळे. नारिंगी बोका तिच्यावर काळसर दिसतो. तेव्हा मूकपटातले ‘काळे मांजर’ प्रत्यक्षात काळेच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आज संगणकाच्या मदतीने जुन्या फिल्म रंगवून, धारदार करून, त्यांचा वेग वाढवून लोकांपुढे आणल्या जातात, आणि त्या लाखोंनी पाहिल्या जातात. त्यातला मांजराचा रंग हा संगणकाचा अंदाज असतो. एवढेच असते तर चालले असते. पण पार्श्वभूमीतला अस्पष्ट आकार धारदार करताना यंत्र तिथे काय असावे हे स्वतःच ठरवते. दगडाचे मांजर होऊ शकते आणि मांजराचा दगड. नेमका जो ऐवज कोणी रचला नव्हता तोच आता नव्याने रचला जातो, आणि हे मला साध्या ओरखड्यांपेक्षा जास्त नुकसानीचे वाटते.

कडा तर त्याआधीपासूनच छाटल्या जात आहेत. मूकपटाची चौकट फिल्मच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांमधली पूर्ण रुंदी व्यापते. बोलपटात ध्वनीच्या पट्ट्याने डावीकडची जागा घेतली. मूकपटाची प्रत पुढे बोलपटाच्या यंत्रावर काढली किंवा दाखवली की डाव्या कडेचा साधारण दहावा भाग जातो. ब्युनोस आयर्समध्ये २००८ साली ‘मेट्रोपोलिस’ची जवळपास पूर्ण १६ मिलिमीटरची प्रत सापडली, तेव्हा तिच्यातून मिळालेली सुमारे पंचवीस मिनिटांची दृश्ये अशीच कापलेली होती, २०१० च्या पुनर्रचित चित्रपटात त्या तुकड्यांभोवती काळी पट्टी ठेवून ही उणीव प्रामाणिकपणे दाखवली आहे. मधल्या नटांचे फारसे बिघडत नाही. जाते ते कडेला बसलेले. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत निघालेल्या जवळजवळ अकरा हजार मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात टिकलेले फक्त १४ टक्के आहेत. एवढे थोडे उरलेले असताना प्रत्येक चौकटीची कडसुद्धा मोजूनमापून जपायला हवी.

आपल्याकडची स्थिती याहून वाईट. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले; आज हाती आहेत ते जेमतेम तीसेक, आणि त्यांतलेही बरेच अपुरे. सावेदादा उर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या स्वागताची जी फिल्म घेतली ती उरलेली नाही. मुंबईच्या त्या दिवसाच्या गर्दीत कोण होते, मागच्या कट्ट्यावर काय होते, सगळे गेले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला तेव्हा सुमारे ३,७०० फुटांचा होता; पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे त्यातला निम्म्याहून कमी भाग आहे. तो भागही १९१३ चा नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा आहे, असे काही अभ्यासक मानतात. हा वाद ल्यूमिएरच्या तीन दारांसारखाच आहे, आणि असे वाद मधल्या नटांकडे पाहून मिटत नाहीत. अण्णा साळुंक्यांची तारामती दोन्ही वेळा तारामतीच असणार. पडद्यामागची भिंत, अंगणातले झाड, सावलीची दिशा, सेटच्या कडेने सटकलेला एखादा प्राणी, अशा गोष्टींतच दोन चित्रणांमधला फरक राहतो. फाळके उन्हात, उघड्यावर उभारलेल्या सेटवर काम करत होते. त्यांच्या चौकटीला दार नव्हते.

पुण्याचे संग्रहालय १९६४ साली उभे राहिले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून डबे गोळा केले म्हणून एवढे तरी वाचले. ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे आणि ‘कालिया मर्दन’ आज इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. एकदा ती कथेसाठी पाहावीत. मग आवाज बंद करावा, कारण मागे लावलेले संगीत बहुधा नंतरचे असते, आणि दुसऱ्यांदा पाहताना राजाराणीकडे दुर्लक्ष करून फक्त कडांवर नजर ठेवावी. शक्य असेल तर न रंगवलेली आणि न छाटलेली प्रत निवडावी. काही दिसले तर किती चित्रांत दिसते ते मोजावे, सावली तपासावी, वेळ लिहून ठेवावी आणि मगच कोणाला सांगावे.